भुरी कपाटाखाली आहे

अहो,

भुरीने माझा हात ओरबाडलाय, म्हणून जोशीकाकूंबरोबर टाउनशिपच्या दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला जातेय. चूक माझीच. तिला तळ्यावर सोडायला तुम्ही दारामागे ठेवलेलं पोतं दिसलं, आणि लपवायला म्हणून मी तिला उचललं. झुडपातलं मांजर ते, तिला उचललेलं अजून चालत नाही. आता कपाटाखाली बसलीय, ओढून काढू नका. वरण गरम करून घ्या.

नीता तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी येतेय, तुमची काळजी मला कळते. पण शाहपुऱ्याच्या तळ्यावरच्या कुत्र्यांपुढे भुरी आता टिकायची नाही. कारखान्याच्या भिंतीलगत झुडपात होती तेव्हा टिकली असती. दूध दाखवून घरात आपणच आणली. बाळ असेपर्यंत तिला मागच्या खोलीत ठेवू. मी येईपर्यंत तेवढं थांबा.

सुलभा