डुकराचं इन्सुलिन आणि तुमची माळ

बाबा, तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी दिंडोशीच्या कॉलनीत लोक तुमच्याबद्दल अजून चांगलंच बोलतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं उठतं. परवा तुमच्या भजनी मंडळातले एकजण भाजी घेताना भेटले. “देवमाणूस होता तुझा बाप,” म्हणाले. मी मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत राहिले. देवमाणूस! गिरणी चालू होती तोवर रविवारी मटणाची नळी ताटावर आपटून चोखणारा माणूस. गिरणी बंद पडली, गळ्यात माळ आली, आणि तो इतका सोवळा झाला की बायकोच्या औषधाची जात विचारायला लागला.

आईला मधुमेह मी शाळेत होते तेव्हापासूनचा. रोज सकाळी ओट्याला टेकून, साडी जरा वर घेऊन ती मांडीत सुई टोचायची आणि लगेच तव्याकडे वळायची. बाटलीवर काय लिहिलंय ते तिने कधी वाचलं नाही, तुम्हीही नाही. मग मंडळातल्या कुणीतरी तुमच्या कानात घातलं की हे इन्सुलिन डुकराच्या पोटातून काढतात. त्या संध्याकाळी तुम्ही फ्रिज उघडून उभे आहात, मेलेलं झुरळ धरावं तशी बाटली दोन बोटांत धरलीय, आणि म्हणताय, “ह्या माझ्या घरात नको.” आई कांदा चिरतेय. तिने मानसुद्धा वर केली नाही. “डुकराचा आसूंदे नायतर हत्तीचा. माका मानवता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाटली शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेली. काकूंचं माहेर खारदांड्याच्या कोळीवाड्यातलं, तेव्हा बाटली तिथे पापलेटांच्या डब्याशेजारी राहायची. आई सकाळी टोचायला तिकडे जायची आणि दोघी खिदळायच्या. ते हसणं तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं असणार, कारण एके दिवशी तुम्ही जाऊन बाटली मागून आणलीत आणि मोरीत रिकामी केलीत. वर मोरी साबणाने धुतलीत. मग नवं इन्सुलिन आणलंत, कारखान्यात तयार केलेलं, ज्याला तेव्हा सगळे ‘माणसाचं’ म्हणायचे. त्याच्या खोक्याला हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवलंत. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की ते जंतूंकडून करून घेतात. जंतू तुम्हाला चालले. जंतूंबद्दल मंडळात कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून असेल.

साखर उतरली की आईला आधी दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. ती गुळाचा खडा तोंडात टाकायची, जरा टेकायची आणि उठून कामाला लागायची. नव्या इन्सुलिनवर घाम, थरथर सगळं बंद झालं; साखर मात्र उतरायची ती उतरतच राहिली. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर तव्यावर भाकरीचा कोळसा झालेला, आणि आई जमिनीवर बसून मला मावशीच्या नावाने हाक मारतेय. मी तिला घोट घोट साखरेचं पाणी पाजलं. भानावर आल्यावर ती घाबरली. तिला घाबरलेली मी तोवर पाहिलीच नव्हती. “आधी माका कळायचा गो,” ती म्हणाली. “आता कायच कळणा नाय.”

आपण तिघं डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “काही पेशंट असं सांगतात खरं. जुनं अजून मिळतंय, बदलून बघू या.” इतकं सोपं होतं, बाबा. आईने लगेच मान हलवली. आणि तुम्ही हात जोडून, अगदी नम्रपणे, काय तो तुमचा नम्रपणा, म्हणालात, “डॉक्टरसाहेब, मनाचे खेळ आहेत तिच्या. आमच्या घरात ते चालत नाही.” बाहेर रांग होती. डॉक्टरांनी जास्त वाद घातला नाही. परतताना रिक्षात आई म्हणाली, “माळ तुमच्या गळ्यात आसा. ती माझ्या गळ्यात कशाक बांधतास?” तुम्ही रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलंत.

त्यानंतर काही महिन्यांनी, तुम्ही भजनाला गेलेले असताना, ती घरात एकटी असताना गेली. काकूंना दार उघडंच मिळालं. पलंगावर आडवी होती, कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नाही. तेराव्याला तुमच्या मंडळातल्या कुणीतरी म्हटलं, “शेवटपर्यंत घरात विटाळ येऊ दिला नाही हो तुम्ही,” आणि तुम्ही डोळे मिटून मान डोलावलीत. मला तुमची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

हल्ली मी ज्या डॉक्टरीणबाईंकडे जाते त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा तक्रारी पुष्कळ आल्या होत्या, पण दोन्हींत तसा फरक असल्याचं पक्कं काही हाती लागलं नाही. आणि मधुमेह जुना झाला की साखर उतरल्याचं तसंही कळेनासं होतं. म्हणजे डुकराचं घेऊनही आई कदाचित गेलीच असती. असेल. पण तुम्ही काही हे सगळं तपासून ‘नाही’ म्हणाला नव्हतात. जिच्या अंगात सुई जात होती ती तोंडाने सांगत होती, आणि तुम्ही कान देत होतात टाळकुट्यांकडे. तुमच्या पुण्याचा हिशेब तिच्या जिवावर चालला होता, आणि वर लोकांनी तुम्हाला नमस्कार केले.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तुम्ही असतात तरी ते न वाचता घडी घालून पोथीखाली ठेवलं असतंत.

गेल्या वर्षी मलाही सुई सुरू झाली. मी केमिस्टकडे मुद्दाम विचारलं, डुकराचं मिळेल का. तो हसला. “मॅडम, ते कधीचं बंद झालंय. कोण घेतं आता?” तेव्हा तुमचंच घेतेय, कारखान्यातलं. आणि मला ते मानवलंय, बाबा, पहिल्या दिवसापासून झकास मानवलंय. हे मी घरात कुणालाच बोलून दाखवलेलं नाही. हॉलमध्ये तुमचा फोटो आहे, म्हणून मी सुई आतल्या खोलीत जाऊन, दार लावून टोचून घेते.