बुवावीर आणि काकर

प्रिय अक्का,

ब्वाव्हेर नावाच्या फ्रेंच माणसाचा शोध घेत मी परवा आजऱ्याला गेले होते. दोनशे वर्षांपूर्वी तो कोल्हापूरच्या तोफखान्यात होता, एवढंच माझ्या पुस्तकासाठी हाती लागलं होतं. काजूच्या बागेत, विरळ धुक्यात, शेंदूर लावलेला एक दगड दिसला. नारळ ठेवणाऱ्या बाईंना विचारलं, हा कोण?

"बुवावीर. आमचा देव हाय की."

मी म्हटलं, हा फ्रान्सचा ब्वाव्हेर असावा. त्या हसल्या. "असंल. पर हाक मारली की ऐकतोय न्हवं?"

त्या माणसाला सगळे विसरले, नाव मात्र चुकीच्या उच्चारात राहिलं. परतताना गाडीत ते मनात तरंगत होतं. घरी आले, चहा केला, तर अण्णा म्हणाले, "काकर कमी हाय."

लहानपणी तू साखरेला काकर म्हणायचीस. शहजाददाजींशी लग्न केलंस तेव्हापासून अण्णांनी आपल्या लेकीचं, तुझं, नाव घेतलेलं नाही. काकर मात्र रोज म्हणतात. इतकी वर्षं मला ते ऐकूच आलं नव्हतं.

मी विचारलं, "अण्णा, हा शब्द कुणाचा?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अजून तसंच म्हणती का गं ती?"

मलाही ते ठाऊक नाही. म्हणून नुसतं पत्र टाकून थांबत नाही. रविवारी हातकणंगल्याला मीच येते. चहा मुद्दाम फिका कर, आणि साखर मागताना काय म्हणतेस ते मला ऐकू दे.

तुझ्या दारात येऊ घातलेली,
त्रिशला