बाकी तेवढीच

मी, खाली सही करणारी, वय साठ, निवृत्त गणित शिक्षिका, शाळेत 'क्षबाई' या नावाने ओळखली गेलेली, थोरल्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहणारी, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपणाचं वाक्य वकिलांनी घालायला सांगितलं म्हणून घातलं. शुद्धीची मात्र खात्री आहे. आज सकाळीच सतराचा पाढा उलटा म्हणून पाहिला. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. वरची खोली दादाची आहे, ती त्यालाच लखलाभ. पूर्वी तिथे त्याच्या दुकानातले रंगाचे डबे असत, त्यामुळे दाराची कडी बाहेरून आहे. ती आतून बसवून दे, असं मी अनेकदा सांगितलं. जिना दुकानातच उतरतो. साधी चप्पल घालून खाली आलं की गल्ल्यावरून आवाज येतो, "कुठे निघालीस?"

२. फळ्यावर वापरायचा माझा लाकडी कंपास शाळेला द्यावा. फक्त मुख्याध्यापकांच्या हातात देऊ नये. "गणित काय, गाईड बघून कोणीही शिकवतं," असं ते भर सभेत म्हणाले होते. त्यांना गाईडच द्यावं.

३. यजमान घड्याळं दुरुस्त करत. त्यांची हत्यारं त्यांच्या दुकानातल्या जोडीदाराला द्यावीत, आणि आता तरी चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणावं.

४. आता मुख्य गोष्ट. यजमान आजारी पडले तेव्हा दादाने एक लाख दिले. कागद केला नाही. मी व्याज विचारलं तर म्हणाला, "व्याजाचं बघू गं. घरातल्या घरात काय!" त्या पैशांनी यजमानांना दोन वर्षं मिळाली. हे उपकार मी विसरलेले नाही, आणि विसरता येत नाहीत हीच तर अडचण झाली.

ते गेल्यावर मी वरच्या खोलीत आले. दादा म्हणाला, "एक चव्वेचाळीस झालेत." म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. व्याजाचा दर तेव्हाही सांगितला नाही. मी दराला क्ष मानलं आणि भाजीच्या पिशवीवर समीकरण मांडलं. एक अधिक क्ष, त्याचा वर्ग, बरोबर एक पूर्णांक चव्वेचाळीस. वर्गमूळ काढलं की क्ष वीस टक्के. दुसरं उत्तर ऋण येतं, ते वर्गात आम्ही 'शक्य नाही' म्हणून खोडतो. घरीही मीच खोडलं.

महिना तीन हजार द्यायला लागले. वीस टक्क्यांनी वर्षाचं व्याज अठ्ठावीस हजार आठशे, मी दिले छत्तीस हजार, म्हणजे मुद्दल थोडं तरी उतरायला हवं होतं. वर्षअखेर दादा म्हणाला, "बाकी एक चव्वेचाळीस." पुन्हा क्ष काढला. पंचवीस टक्के. पगार वाढला, हप्ता छत्तीसशे केला, तरी बाकी तेवढीच. क्ष तीस टक्के. मला वाटायचं, दादाच्या मनात काही नियम असेल, तो मला सापडत नाही. समोरचा नियमानेच वागणार, असं धरून चालायची आम्हा गणितवाल्यांची खोड असते.

मग मी निवृत्त झाले. हप्ता चोवीसशेवर आला, आणि बाकी? एक चव्वेचाळीस. क्ष पुन्हा वीस! आपणहून दर उतरवणारा सावकार मी ऐकलेला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी देईन तेवढंच व्याज, हा त्याचा नियम होता. मी इतकी वर्षं दर शोधत बसले, आणि ठरलेली होती ती बाकी.

मी सरळ विचारलं, "दादा, हे फिटू नये असंच तुला वाटतं ना?"

तो डब्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "फिटलं की तू जाशील. दुकानाचा हिशेब कोण बघेल? तुझ्या वहिनीला अंथरुणात कूस कोण बदलवेल? आणि मला एकट्याला जेवण जात नाही गं."

मला राग आला आणि रडूही आलं. दोन्हीचा उपयोग झाला नाही. पुढच्या महिन्यात मी चोवीसशे दिले.

५. भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, पुढच्या वर्षी परगावी शिकायला जायचं आहे. फी दीड लाख. परवा चहा पिता पिता दादा तिला म्हणाला, "मी देतो की. व्याजाचं बघू. घरातल्या घरात काय!" मी बशी खाली ठेवली आणि बँकेचं पासबुक शोधायला उठले.

बँकेत माझी ठेव आहे, एक लाख साठ हजार. दादाला दिली असती तर तीही व्याजातच गेली असती. ती सगळी भाचीला. जगले तर फी मी स्वतः भरेन. एकच अट, तिने बापाकडून एक पैसाही उसना घेऊ नये. लाड खुशाल करून घ्यावेत.

६. मेलेल्या माणसाच्या पैशांतून आधी देणी फेडतात, मग वारसांना मिळतं. म्हणून दादाला मी साक्षीदार केलं आहे, आणि त्याच्या सहीखाली एक जागा कोरी सोडली आहे. माझ्याकडून काय येणं आहे ते त्याने स्वतःच्या हाताने लिहावं. एक चव्वेचाळीस लिहिले तर ते त्याला मिळतील, आणि उरलेल्या सोळा हजारांत पोरीची फी कशी भरायची ते समीकरण त्याने सोडवावं. या वेळी क्ष त्याच्याकडे आहे.

सही : क्षबाई

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
२. थोरला भाऊ (सही)
येणे बाकी : ० अक्षरी : काही नाही

ताजा कलम. दादाने पेन बराच वेळ धरून ठेवलं होतं. औषधवाले दोनदा खोकले. शून्य लिहून झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "मग आता तू कुठे जाणार?"

खाली वहिनीने हाक मारली. कूस बदलायची वेळ झाली होती. मी उठले. परत आल्यावर पाहिलं तर वकिलांनी ठिकाणासाठी सोडलेली जागा अजून रिकामीच होती. काय लिहावं, याचा मी खूप विचार केला.

ठिकाण : वरची खोली
दिनांक : १२ ऑगस्ट, सोमवार