आधी जायफळ, मग माणसं

४ मार्च, मंगळवार

ज्वालामुखीचा इशारा दोनचा तीन झाला! सकाळीच निरीक्षण केंद्रातून फोन. मी धक्क्यावरची माल-कारकून — जहाजात काय चढेल आणि काय राहील, हे माझ्या यादीवर ठरतं. म्हणून अख्खं सियाऊ बेट दिवसभर माझ्या टेबलाशी. डोंगर वर धुमसतोय, लोक खाली माझ्यावर!

जहाज एकच. पलीकडच्या मनाडो बंदरात जायला दहा तास, यायला दहा.

५ मार्च

फ्रेट्स कप्तानाबरोबर तयारी. इंजिन हवा ओढतं तिथे जुन्या चादरी दुहेरी बांधल्या. फावडी, खराटे, ताडपत्र्या मोजून ठेवल्या. राख कोरडी असतानाच झाडायची — भिजली की इतकी जड होते की जहाज कलतं. खलाशांना दहादा बजावलं.

"ताई, पाठ झालं," फ्रेट्स म्हणाला. "आता झोपेतही झाडतो. बायको खूश आहे."

हसले. मग फावडी पुन्हा एकदा मोजली.

६ मार्च

गावाची बैठक. आमची जुनी रीत — आधी जायफळ, मग बायकापोरं, मग गडी. मी म्हटलं, या वेळी माणसं आधी. बाबा सगळ्यांसमोर उसळले. "मागच्या खेपेला माणसं नेलीस. फुटला का डोंगर? वर्षाचं पीक मात्र कुजलं! पोरी, डोंगर सांगून येतो. बुरशी सांगून येत नाही."

टाळ्या! माझ्याच बापाला!

मी यादी बदलली, जायफळ वर घेतलं. खरं सांगायचं तर घाबरले — डोंगराला नाही, लोकांना.

७ मार्च

बाबा अजून वर डोंगरात, जायफळ वाळवायच्या धुरीच्या खोपटात. एकेक जायफळ कानाशी धरून हलवतात. आत बी खुळखुळलं तरच वाळलं. निरोपावर निरोप धाडले. उत्तर एकच — "अजून ओलं आहे." हट्टी म्हातारा!

संध्याकाळी बाबा उतरले. बावीस पोती घेऊन.

८ मार्च, शनिवार

सहाला जहाज सुटलं. डेकवरसुद्धा पोतीच पोती, पाय ठेवायला जागा नाही. धक्क्यावर आम्ही दोनशे चौदा माणसं. आमची खेप उद्या.

अकरा वाजता — इशारा चार, सगळ्यात वरचा! जमीन हादरतेय, कॉफी कपातून सांडली. पाठोपाठ हुकूम: मनाडोहून आता एकही जहाज सुटणार नाही. म्हणजे फ्रेट्स तिथे पोचला की अडकला. आणि आम्ही इथे.

"काही होत नाही," बाबा म्हणाले. आणि खिशातलं एक जायफळ काढून कानाशी हलवत बसले. त्यांचा इतका राग आला, आणि इतकी दयाही. बाजूला बसलेल्या शेजारणीचं, अल्चेचं बाळ तिच्या ओढणीत झोपलेलं. त्याच्याकडे बघवेना. उठून रेडिओच्या खोलीत गेले. बाहेर येऊन कुणाशी बोलले नाही.

चार वाजता

जहाज आलं! डेक रिकामा! फ्रेट्स अर्ध्या वाटेतून वळला. बेटाचं वर्षभराचं जायफळ समुद्रात.

"आमची पोती?" कुणीतरी किंचाळलं.

"आधी चढा!" फ्रेट्स ओरडला. "मग काय मारायचं ते मारा मला!"

चढलो. सगळे. बाबा हलेनात, त्यांना दोघांनी उचलून चढवलं.

१० मार्च, मनाडो

चर्चच्या सभागृहात चटया टाकून राहतोय. सकाळपासून फ्रेट्सला शिव्या. भित्रा काय, गद्दार काय. सगळ्यात मोठा आवाज बाबांचा. तो मुकाट ऐकतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं मान हलवली — नको.

गप्प बसले. लाज वाटते.

१५ मार्च

इशारा परत दोनवर. डोंगर फुटलाच नाही.

दुपारी सगळे जेवत असताना उभी राहिले. सांगितलं — फ्रेट्सनं रेडिओवर दोनदा विचारलं होतं, पोती टाकू का, आणि दोन्ही वेळा "टाक" म्हणणारी मीच. बाबांनी ताट खाली ठेवलं आणि ते बाहेर निघून गेले.