कुलूप ओढण्याचं माप

३ नोव्हेंबर, सोमवार
शेंद्र्याला आमच्या कंपनीत मानसिक आरोग्याचं शिबिर झालं. सवय कुठं संपते आणि आजार कुठं सुरू होतो, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. अर्थात मुनीबसाठी. तो शेजारच्या मशीनवर असतो आणि नखं खातो. बाई म्हणाल्या, याचा ठरलेला आकडा नसतो. रोजचं जगणं अडतं का, कुणाला त्रास होतो का, ते बघायचं. आकडा नाही म्हणे! बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे मी. मापाशिवाय काही पास करत नाही.

४ नोव्हेंबर, दुपारी १
सेकंड शिफ्टला निघताना घरात कुणी नसतं. बायको सुकेशनी औरंगपुऱ्यात वहाबभाईंच्या साडीच्या दुकानात, मुलगी प्रांजली कॉलेजात. कुलूप मीच लावतो. मग ओढून बघतो. आज माप ठरवलं. पाच वेळा ओढलं तर सवय, सहाव्यांदा आजार.

५ नोव्हेंबर
नऊ. पण कुलूप नवीन आहे. कंपनीत नग मापाबाहेर गेला की साहेबांच्या सहीनं माप वाढवून घेतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. घरचा साहेब मीच. सही केली. आता माप दहा.

१० नोव्हेंबर
दहातच भागलं. स्टॉपवरून परत येऊन ओढलं ते धरायचं नाही, ती वेगळी बॅच. कंपनीची बस गेली. ड्रायव्हरला कसली घाई असते कोण जाणे.

१३ नोव्हेंबर
आठवड्यात तिसऱ्यांदा बस चुकली. मेमो मिळाला. आणखी एकदा उशीर झाला तर कामावरून काढणार. सुकेशनी म्हणाली, अहो, त्या डॉक्टरीणबाईला एकदा दाखवून या की. मी म्हणालो, काळजीचा आजार तुलाच आहे. ती उठून माझा डबा भरायला गेली. पटलं असणार.

१७ नोव्हेंबर
सुकेशनी दुपारी घरीच. सुट्टी हाय म्हणाली. कुलूप लावायचा प्रश्नच आला नाही. आजचा आकडा शून्य!

२२ नोव्हेंबर
सलग सहा दिवस शून्य. गोळी नाही, डॉक्टर नाही, निव्वळ मनाचा निग्रह. मुनीबला म्हटलं, माझ्याकडे बघ आणि नखं सोड. ऐन लग्नसराईत साडीच्या दुकानाला एवढी सुट्टी कशी, ते विचारायचं राहूनच गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
औरंगपुऱ्यात गेलो होतो. वहाबभाईंनी हाक मारली. म्हणाले, भाभी ग्यारा साल के बाद एकदम काम कायको छोड दिये? गिऱ्हाईकं अजून त्यांनाच विचारत येतात. मी म्हटलं, सुट्टी आहे ना.

घरी आलो. सुकेशनी मेथी निवडत होती. विचारलं. म्हणाली, तुमची नोकरी गेली असती. मी घरात असले तर कुलूप लावायचं कामच नाय. मग म्हणाली, आता बस चुकत नाय न?

नाही चुकत, म्हटलं. मग झालं तर, म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

लाज वाटली. सहा दिवस मी बरा झालो नव्हतो. ती घरी बसली होती.