आप्पांची नाणी उजळायची नाहीत

संगमनेर,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय दीपा,

फोनवर तू म्हणालीस, दिवाळीला आले की आप्पांची सगळी नाणी सराफाकडे नेऊ, चकचकीत करून घेऊ आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवू. मी नुसतं ‘बघू’ म्हणाले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं राहिलं. आता सवडीने सांगते. नाणी उजळायची नाहीत.

रागावू नकोस. तुझा हेतू चांगला आहे हे कळतं मला. तुझ्या झुंबरकाकूंचाही चांगलाच होता. गेल्या लक्ष्मीपूजनाला त्या चिंच कोळून, पदर खोचून बसल्या. म्हणाल्या, “भागिरथी, ही लक्ष्मी हाय का कोळसा? दे इकडं, आत्ता लख्ख करते.” मी डबाच ओढून घेतला. “लोक हसतील गं!” “हसू द्या, आक्का. लक्ष्मीची कातडी सोलून कुणी पूजा करतं का?” यावर त्यांनाच हसू फुटलं. त्याच चिंचेची मग आमटी केली.

दूध संघात तुझ्या आप्पांना पगार कागदी पाकिटातून मिळायचा, तुला आठवत असेल. पगार संपायचा, पाकीट उरायचं. आप्पा त्यात एकेक राणीछाप रुपया घालून ठेवायचे. त्या हलक्या कागदातलं गंधक चांदीला हळूहळू लागतं, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. कितीतरी वर्षांनी पाकिटं उघडली तर रुपयाच्या कडेला निळा रंग, आत जांभळा, मध्ये मधासारखा पिवळा. कापडी पिशवीतले रुपये नुसतेच करडे झाले होते. आणि पुण्याहून हौसेने आणलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममधले हिरवे, चिकट. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. चांदी तीच, ठेवण वेगळी.

यामागचं कारण मी नंतर वाचून शिकले. आप्पा गेल्यावर घरात बसवेना म्हणून वाचनालयात जायला लागले, मग गोडी लागली म्हणून जात राहिले. चकाकी आणायची म्हणजे वरचा पापुद्रा खरवडायचा, आणि तो रंग पुन्हा तसा येत नाही. आता सगळी नाणी चांगल्या, आम्ल नसलेल्या कागदात आहेत. डबा स्वयंपाकघरापासून लांब, कोरड्या कपाटात.

जानेवारीत कॉलेजच्या प्रदर्शनात आप्पांच्या नाण्यांना एक अख्खं टेबल मिळालं. मांडणी मी केली. पुण्याचे एक गृहस्थ राणीछाप रुपया उजेडात फिरवत कितीतरी वेळ उभे. “ताई, हा ठेवला कशात होता?” “पगाराच्या पाकिटात.” ते हसले. “एखादं पाकीट शिल्लक आहे का हो?” पाटीवर आप्पांचं नाव होतं, खाली माझं. मी दिवसभर खुर्चीवर टेकलेच नाही.

एक तांब्याचा पाव आणा मात्र मी तिथे मांडला नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर आप्पांनी तो मागितला होता. जन्मभर सगळ्यांवर ‘नाणं कडेनं धर’ म्हणून ओरडणारा माणूस, पण बोटांवर ताबा राहिला नव्हता. अंगठ्याखाली दाबून धरला त्यांनी, झोप लागेपर्यंत. मी तो न पुसता तसाच पाकिटात ठेवला. तेव्हा त्यावर काही दिसत नव्हतं. यंदा श्राद्धाला उघडला, तर तांबं काळवंडलंय आणि त्यावर अंगठा उमटलाय. रेघ न् रेघ. दुधाच्या क्रेटने कापल्याची ती आडवी खूणसुद्धा. जाणकार याला डाग म्हणतील, किंमत पाडतील. पाडू देत. हा पाव आणा तुझा आहे, आणि तू ‘सगळी नाणी’ म्हणालीस तेव्हा मला आधी हाच आठवला. दिवाळीला ये, आधी हा हातात घे. मग सराफाकडे जायचं म्हणालीस, तर मी चप्पल घालून तयार आहे.

तुझीच,
तू हट्टी म्हणतेस ती आई