बुधवारचे सूप

प्रिय आरित अन्सा एफिओम,

तुझे पूर्ण नाव लिहिले, कारण गेल्या अकरा आठवड्यांत ते मी याच रीतीने लिहीत आलो आहे: रुग्णालयात, नोंदणी कार्यालयात, चर्चमध्ये आणि शवपेटीवरच्या पट्टीसाठी. आता हात त्याच वळणाने जातो. माझे, उयोच्या माणसाचे, आडनाव तू कधीच लावले नाहीस. "उयोचं आडनाव कॅलाबारच्या दारावर शोभत नाही," असे तू माझ्या आईसमोर म्हणाली होतीस, आणि आईने तुला त्यानंतर दोन वर्षे तिच्या चुलीजवळ येऊ दिले नव्हते.

माझी प्रकृती ठीक आहे. झोप लागते. जेवण वेळेवर होते, परंतु चव कळत नाही. डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि जिभेत काही दोष नाही असे सांगितले. सुपात मीठ पडले आहे की नाही, हे मला समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. याचा त्रास होतो असेही नाही. एखाद्या खोलीतला दिवा गेला आणि त्या खोलीत आपले काही काम नाही, तसे वाटते.

तुझ्या खाणावळीची हकीकत कळवणे आवश्यक आहे. दफनानंतर नवव्या दिवशी घरमालकीण अल्हाजा सिदिकात आल्या. बसल्या, डोळे पुसले, नंतर म्हणाल्या, "पापा, एकोणीस वर्षं तुमच्या बाईनं माझ्या भिंतीला मासळीचा वास लावला, मी काही बोलले नाही. पण आता मला सांगा. चालवायचंय की रिकामं करायचंय? मे महिना संपेस्तोवर मी थांबते. त्यानंतर माझा भाचा तिथं मोबाइलचं दुकान टाकतोय." मी विचार करून सांगतो म्हणालो. मला ती चालवायची होती. हे प्रथमच स्पष्ट लिहितो, कारण त्या दिवशी मी ते अल्हाजांनाही स्पष्ट सांगितले नव्हते. तुझ्या नावाची पाटी सुरुलेरेच्या त्या गल्लीत राहावी, एवढे एकच मला या दिवसांत हवेसे वाटले.

लेगोसला बदली होऊन आलो त्या वर्षी आपण दर रविवारी चर्चनंतर सूप शोधायला निघायचो. भूमापन खात्याचा शहराचा मोठा नकाशा मी जेवणाच्या खोलीत लावला होता आणि प्रत्येक खाणावळीला एक टाचणी टोचत होतो. चार वर्षांत त्रेचाळीस टाचण्या झाल्या. सगळ्या दारांवर 'अस्सल कॅलाबार' लिहिलेले असायचे. लेगोसवाल्यांच्या लेखी पूर्वेकडून आलेला प्रत्येक माणूस कॅलाबारचाच असतो, अगदी मीसुद्धा, आणि याचा तुला माझ्याहून अधिक संताप येत असे. तू एदिकाइकोंग, आपले ते पाल्याचे दाट सूप, मागवायचीस. ताट समोर आले की घास घेण्याआधी ते एका बाजूने किंचित कलते करायचीस. सुपातून पाणी सुटून काठाकडे धावले की तू पर्स उचलायचीस. त्या सुपात पाणी घालायचे नसते, घोळीसारखा जो पाला आधी पडतो त्याने आपले पाणी सोडायचे आणि त्यातच सगळे शिजायचे, एवढी साधी गोष्ट या एवढ्या शहराला कळू नये, असे तू टॅक्सीत मला ऐकवायचीस, जणू शहर मी वसवले होते. याबा भागातल्या त्या खाणावळवाल्या बाईला तू विचारले होतेस, "हे कुणाच्या गावचं सूप?" ती फुशारून म्हणाली, "ओरिजिनल कॅलाबार, मॅडम!" त्यावर तू म्हणालीस, "कॅलाबारला नदी आहे, बाई. पण आम्ही ती ताटात वाढत नाही."

त्या त्रेचाळीसपैकी तीन ठिकाणचे सूप मला आवडले होते. हे मी तुला सांगितले नव्हते. सांगण्याचे धैर्य नव्हते असे नाही. तुझ्या चेहऱ्यावरची ती खात्री मोडायला मला नको असायचे. माझी ही सवय तुला ठाऊक होती की नाही, हे मला कधी कळले नाही.

चव्वेचाळिसावी टाचणी तुझी स्वतःची. दोन खोल्या, सात टेबले, मागे चूल. आणि पहिल्याच दिवशी तू नियम घातलास की जी नदीकाठच्या घरात त्या खोलीत बसली नाही, तिने पातेल्यातल्या डावाला हात लावायचा नाही. लग्नाआधी तुझ्या आजीने तुला तीन महिने खोलीत बसवले होते. बाहेर जायचे नाही, काम करायचे नाही, अंगाला तेल, भरपूर खाणे, आणि आजीच्या तोंडून एकेका सुपाचा पाठ. आजकाल मुलींना कोणी असे बसवत नाही, हे मी तुझ्या नजरेस आणून दिले होते. तू म्हणालीस, "म्हणून तर सर्व्हेयरसाहेब, तुमच्या नकाशावर त्रेचाळीस टाचण्या झाल्या."

त्यामुळे तुझ्या हाताखालच्या मोरेनिकेने बारा वर्षे पाला निवडला. पश्चिमेकडच्या इजेबूची मुलगी, त्या खोलीचे नावही तिने आधी ऐकले नव्हते. पाला तीन पाण्यांतून काढणे, पिळणे, बारीक चिरणे, खाडीतल्या शंखुल्यांची टोके एकेक करून तोडणे, हे सगळे तिचे. पातेले तुझे. मला तुम्हा दोघींचे ते नेहमीचे बोलणे पाठ आहे. ती तुला आईच्या नात्याने हाक मारून म्हणायची, "मामा, पुढच्या जन्मी मी कॅलाबारला जन्म घेते, तेव्हा तरी डाव द्याल?" तू म्हणायचीस, "आधी तीन महिने खोलीत बसावं लागेल. तुझी जीभ तीन मिनिटं एका जागी बसत नाही." ती हसायची. तूही हसायचीस. मी दारातल्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत असायचो आणि मला वाटायचे की दोघी सारख्याच हसत आहेत.

तू रुग्णालयात गेलीस तेव्हा तुझी भाची आतिम कॅलाबारहून आली, तूच बोलावले होतेस. ती लग्नाआधी दोन आठवडे का होईना खोलीत बसली होती. म्हणजे नियमाने तीच योग्य होती. तुला कॅलाबारला नदीकाठच्या मातीत ठेवून आम्ही परत आलो आणि खाणावळ पुन्हा उघडली, तेव्हाही मी पातेले तिच्याकडेच दिले. नियम तुझा होता आणि तो मोडण्याचा अधिकार मला नव्हता, असे माझे मत होते.

आतिम कष्टाळू आहे, मी तिच्याविरुद्ध काही लिहीत नाही. परंतु तिला पातेले करपण्याची भीती वाटते, आणि भीती वाटली की ती पाणी घालते. मला चव कळत नव्हती, म्हणून मी तुझ्याप्रमाणे ताट कलते करून पाहिले. पाणी धावले. मी ताट पुन्हा सपाट ठेवले. दोन टेबलांपलीकडे माझे मित्र आणि तुझे रोजचे गिऱ्हाईक कप्तान एकेंग बसले होते. त्यांनी चमचा सुपात बुडवला, वर काढला, आणि मोठ्याने म्हणाले, "सर्व्हेयरसाहेब, पोहायचे कपडे आणायला हवे होते, आधी सांगायचंत!" सगळे हसले. आतिम आतून ऐकत होती. तिने पाचव्या आठवड्यात पिशवी भरली. "मावशी गेली, आता मला इथं कोण शिकवणार? आणि ही माणसं जेवायला येत नाहीत, मावशीला शोधायला येतात," असे ती बसस्थानकावर म्हणाली. मला त्यात चूक काढता आली नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडले तर चूल पेटलेली होती. मोरेनिके पातेल्यासमोर उभी होती. तिने मला विचारले नाही आणि मी टेबले पुसायला घेतली. दुपारी कप्तान आले. मी ताट कलते करून पाहण्याचे टाळले. वर्तमानपत्र उघडून बसलो. थोड्या वेळाने मला तो आवाज ऐकू आला. शंखुली ओठांना लावून आतला जीव ओढून घेताना होतो तो. आधी कप्तानांच्या टेबलावरून, मग खिडकीजवळून, मग सगळीकडून. तू नेहमी म्हणायचीस, सूप पातळ असले की माणसे शंखुल्या बाजूला सारतात, कारण ओढून घ्यावे असे आत काही नसते. मी डोळे न उचलता ऐकत राहिलो. कप्तान जाताना माझ्यापाशी थांबले. त्यांचे ओठ तेलाने चकाकत होते. म्हणाले, "कुणी केलं ते मी विचारत नाही. मला सांगूही नका. माझी बायको वर स्वर्गात बसून ऐकत असेल."

अशा रीतीने तीन आठवडे गेले. टेबले पुन्हा भरली. अल्हाजा पुन्हा आल्या की त्यांना चालवायचे आहे असे सांगण्याच्या बेतात मी होतो. त्याआधी मोरेनिकेशी बोलणे योग्य होते. एका दुपारी सगळे गेल्यावर मी तिला समोर बसवले आणि रीतसर सांगितले की पातेले यापुढे कायमचे तिचे, खाणावळीत अर्धा वाटा तिचा, फक्त पाटी आरितच्या नावाची राहील. मी हे वाक्य आदल्या दिवशी कागदावर लिहून काढले होते.

तिने हात कमरेच्या कापडाला नव्हे, नीट रुमालाला पुसले. म्हणाली, "नाही, साहेब. पाटी राहणार असेल तर मी नाही राहणार."

मी म्हणालो, बारा वर्षे तू या नावाखाली काम केलेस.

"काम केलं. पाला निवडला. मामानं मला डाव दिला नाही, त्याचं मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. तिचा नियम होता, तोंडावर सांगायची. मुशिनला मी दोन खोल्या बघितल्यात. पाटीवर माझं नाव लिहिणार. त्याच्याखाली लिहिणार, कॅलाबार सूप. इजेबूची बाई कॅलाबार सूप करते म्हणून हसायचं त्यानं हसावं, आणि मग जेवून जावं."

मी तिला पुन्हा विनंती केली. पाटीचा आकार लहान करू, तिचेही नाव खाली घालू, असेही सुचवले. ती उठली. "साहेब, मला का नकोय ते तुम्हाला ठाऊक आहे. मामाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं." मग तिने मला विचारले, मी जेवलो का. मी जेवलो होतो.

कप्तानांना कळले तेव्हा त्यांनी मला खांद्याला धरून सांगितले, "मी मुशिनला जाणार. तुम्ही बोलणं सोडलंत तरी जाणार. या वयात माणसानं मित्र आणि सूप यांत निवड करायची नसते, पण करावी लागली तर मी लाजणार नाही." मी त्यांना मोरेनिकेचा पत्ता नीट लिहून दिला, कोणत्या थांब्यावर उतरावे तेही. मोठे पातेले तिला दिले. ते तिने नेले. टेबले चर्चने नेली. पाटी उतरवायला दोन माणसे लागली, आणि तिच्यामागे भिंतीचा मूळचा हिरवा रंग निघाला, जो आपण दोघेही विसरलो होतो.

आता जे लिहायचे होते ते लिहितो. भूमापनात मोजणी चुकली तर चूक खोडून चालत नाही. खरा आकडा शेजारी लिहून खाली सही करावी लागते. तू जाण्याआधी नऊ दिवस, बुधवारी, तुला तुझ्या चुलीवरचे सूप हवे होते. आतिमचे सूप मी सकाळी पाहिले होते आणि ते तुझ्यापुढे ठेवणे मला शक्य नव्हते. मी मोरेनिकेला सांगितले. ती रडली, मग तिने केले, आणि डबा मांडीवर घट्ट धरून दोन बसेस बदलून ती तो स्वतः घेऊन आली. तू फुफूच्या उकडीचा गोळा मोडलास, बुडवलास, खाल्लास. पाच दिवस तू पाण्यापलीकडे काही घेतले नव्हतेस, त्या दिवशी वाडगा पुसून घेतलास. मग विचारलेस, "कुणी केलं?" मोरेनिके दारात होती, डब्याचे झाकण तिच्या हातात होते. तू तिच्याकडे पाहिले नाहीस, तू माझ्याकडे पाहत होतीस. मी म्हणालो, आतिमने. तू उशीवर मागे टेकलीस आणि म्हणालीस, "बघा साहेब. खोलीत बसलेला हात लपत नाही." तुझ्या चेहऱ्यावर ती खात्री होती आणि मी ती तशीच राहू दिली. मोरेनिकेने झाकण डब्यावर ठेवले आणि ती कॉरिडॉरमध्ये जाऊन थांबली. परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मी तिला काही म्हणालो नाही. त्यानंतरचे नऊ दिवस होते, तुलाही काही म्हणालो नाही. खरी नोंद अशी की त्या बुधवारचे सूप इजेबूच्या मोरेनिके आदेबांजो हिने केले होते, पाणी न घालता, आणि ते तुला आवडले होते. हे मी काल मुशिनला जाऊन तिच्यासमोर, तिच्या गिऱ्हाइकांच्या देखत उभे राहून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मला बसायला सांगितले. मी थोडे खाल्ले. चव कळली नाही. आज, एकतीस मे, दुपारी सव्वाचार वाजता खाणावळीचे दार कुलूप लावून बंद केले आणि दोन्ही किल्ल्या अल्हाजा सिदिकात यांच्याकडे परत दिल्या.

तुझाच,
उदेमे एत्तुक